सहा महिन्यांची मुदत

३० जानेवारी २०२४
धाकट्या भावाच्या मांडीत रॉड टाकला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, गुडघ्याचं आत्ता सांगत नाही.

३१ जानेवारी
अपघाताची जागा बघून आलो. गंगाखेड रोड, पोखर्णीच्या पुढे. उसाच्या दोन ट्रॉल्या पंक्चर म्हणून रस्त्यातच उभ्या होत्या. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाकाला लावलेले दगड अजून तिथेच पडलेत. ट्रॅक्टर केव्हाच गेला. कारखाना कुणासाठी थांबतो?
गुन्हा ट्रॅक्टरचालकावर नोंदवला आहे. धाकट्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हेही पंचनाम्यात आलं आहे.

३ फेब्रुवारी
वॉर्डात एक पोरगा येऊन गेला. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉपची बॅग, आईसाठी बिस्किटचा पुडा. वकील नाही म्हणे, 'वकिलांचं काम बघतो'. खाट नंबर त्याला ठाऊक होता. कोणी सांगितला, ते विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

९ फेब्रुवारी
शिवजयंतीच्या ऑर्डरी. मशीन रात्री बारापर्यंत चालू.
इतकी वर्षं फ्लेक्स छापतोय. डॉक्टर, क्लासवाले, ज्योतिषी, वाढदिवसाचे भाऊ-दादा, सगळे छापून झाले. वकील येतात ते बारच्या निवडणुकीला नाहीतर साहेबांच्या वाढदिवसाला. 'अपघाताचे दावे घेतो' असा फ्लेक्स एकानेही केला नाही. स्टेशन रोडचे एक जुने वकील कार्डं न्यायला आले तेव्हा विचारलं. म्हणाले, आम्हाला जाहिरात बंद आहे. बार कौन्सिलचा नियम ३६. पाटीसुद्धा बेताची हवी. पूर्वी न्यायाधीश होतो असंही पाटीवर लिहायचं नाही. २००८ साली वेबसाइटची मोकळीक मिळाली, पण नाव, पत्ता-फोन, नोंदणी, शिक्षण आणि कोणत्या प्रकारचं काम करतो, एवढंच टाकायचं.
मग तो बिस्किटवाला? दलाल ठेवायलाही त्याच नियमात मनाई आहे म्हणे. कार्डं मोजून घेतली आणि गेले.

१३ फेब्रुवारी
भावजयीने रात्री मोबाइलवर 'अपघात नुकसानभरपाई वकील परभणी' शोधलं. एका पानावर नाव, नंबर, अपघाताची तारीख भरली. दहा मिनिटांत पुण्याहून फोन. नंतर हैदराबादहून, हिंदीत. सकाळी नांदेडहून. सगळ्यांना तारीख पाठ. वकील यातला एकही नाही. म्हणजे एकदा भरलेला नंबर तिघांना विकला जातो.

१४ फेब्रुवारी
त्या पानावरचे अभिप्राय वाचले. सगळ्यांना पाच तारे. 'खूप छान सेवा, लवकर न्याय मिळाला' हे वाक्य तिघांच्या नावावर, काना-मात्रेसकट सारखं. माझ्या दुकानाला 'रंग उडाला' म्हणून एक तारा देणारे आहेत. या लोकांचं एकही गिऱ्हाईक नाराज नाही.

२१ मार्च
सकाळी सहाला भूकंप. भांडी वाजली. सगळे अंगणात धावलो. धाकटा खाटेवरच. परत आत गेलो तर हसत होता. मग तोंड भिंतीकडे केलं.
केंद्र हिंगोलीकडे, ४.५ चा.

२ एप्रिल
मामाचा मुलगा ह्यूस्टनला असतो. त्याने रस्त्याकडेच्या बोर्डाचा फोटो पाठवला. वकिलाचा चेहरा दोन मजली, खाली फोन नंबर. तिकडे हे चालतं. पण तिकडेही पूर्वी बंदी होती. १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात दर छापले, बारने कारवाई केली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये जाहिरातीचा हक्क मिळाला. आता इंटरनेटवर 'अपघात वकील' या शब्दांवरची जाहिरात तिकडच्या सर्वांत महागड्या जाहिरातींत धरतात. फी मिळालेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.
छापणारा म्हणून सांगतो, फोटोतला लाल जरा जास्तच भडक आहे.

२६ एप्रिल
मतदान. धाकट्याला कुबड्यांवर नेलं. बोटाला शाई लावून घेताना तोल गेला, मागच्याने धरलं.
पोलीस बंदोबस्तात. पंचनाम्याची नक्कल आणि अपघाताच्या माहितीचा ए-ए फॉर्म निवडणुकीच्या निकालानंतर बघू म्हणाले.

११ मे
आज कळलं. धाकट्याने बिस्किटवाल्याला वकीलपत्रावर सही दिली आहे. कोरं. वर वकिलाचं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं. पासबुकाची झेरॉक्स आणि दोन कोरे चेकही दिले.
"चाळीस लाख मिळतील म्हणला भाऊ. आपल्याला एक रुपाया द्यायचा नाही. निकालानंतर पंचवीस टक्के."
आई म्हणाली, चाळीस लाखाला पाय द्यायला कोण तयार आहे, त्याला आण माझ्यापुढं.

१२ मे
तो फोन उचलत नाही. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी.

१४ मे
ओळखीच्या क्लार्कने सांगितलं, २०२२ च्या १ एप्रिलपासून अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. आधी नव्हती. आपला अपघात २७ जानेवारीचा. म्हणजे २७ जुलै.
ई-कोर्ट्सवर धाकट्याचं नाव टाकून पाहिलं. काही नाही. दावा दाखलच केलेला नाही. एका परीने बरं. दाखल असता तर नवीन वकिलाला जुन्याची ना-हरकत लागली असती.
बँकेत जाऊन दोन्ही चेक थांबवले.

१२ जून
कोर्ट उघडलं.
मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. कुणी हटकत नाही. फोनवर इतके महिने शोधून जे कळलं नाही ते इथे अर्ध्या दिवसात कळतं. कोण पुकारा झाल्यावर धावत येतो. कोण नुसती तारीख मागतो. कोणाच्या हाती फाइल आहे नि कोणाच्या हाती नुसता फोन.

१४ जून
पुन्हा जाऊन बसलो. एका हमालाची केस. त्याच्या वकीलबाई डॉक्टरांना विचारत होत्या.
"अपंगत्व तीस टक्के. पायाचं की पूर्ण शरीराचं?"
"पायाचं."
"हा माणूस पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढू शकेल?"
"नाही."
"उकिडवा बसू शकेल?"
"नाही."
बसल्या खाली. विमा कंपनीचे वकील बराच वेळ कागद चाळत राहिले.

१५ जून
त्या बाईंचं नाव इंटरनेटवर टाकलं. काहीच नाही. ना पान, ना तारे. वसमत रोडला एका झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर ऑफिस आहे म्हणे.

१८ जून
मॅडमकडे गेलो. जिन्यात अंधार. खुर्च्या कमी, फायली जास्त. तासभर थांबलो. बोलता बोलता चार वेळा फोन घेतला. मला राग आला होता.
मग कागद मागितले. एफआयआर, पंचनामा, आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं. ट्रॅक्टरचा एमएच २२ चा नंबर त्यांनी तिथेच ॲपवर टाकला. विमा चालू आहे. "पण ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा निघाला, आणि वाहत होता भाड्याने ऊस, तर कंपनी अटीचा भंग म्हणणार. ट्रॉलीचा वेगळा विमा विचारणार. उभ्या गाडीवर मागून धडकला, हेल्मेट नव्हतं, म्हणून थोडी चूक यांचीही म्हणणार. हे तिन्ही येणार, आत्ताच सांगते."
बिस्किटवाल्याने यातलं एकही सांगितलं नव्हतं.

रात्री, त्याच दिवशी
चाळीस लाखाचा हिशोब मॅडमनी कागदावर मांडून दिला. धाकटा मोटार रिवाइंडिंग करतो, महिन्याला पंधरा हजार धरले. वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे चाळीस टक्के, झाले २,५२,०००. वय ३४, गुणक १६. एकूण ४०,३२,०००.
म्हणजे आकडा हवेतला नव्हता. पण तो माणूस कायमचा शंभर टक्के निकामी झाला तर. अपंगत्व तीस टक्के धरलं की १२,०९,६००. पंधरा हजाराचा पुरावा नाही म्हणून कोर्टाने दहाच धरले तर ८,०६,४००. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांचे वेगळे.
गुणकाचा तक्ता सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला, वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. सगळं उघड छापलेलं आहे. फक्त दलाल पहिली ओळ वाचून दाखवतो, पुढची नाही.

१९ जून
धाकट्याला कागद दाखवला. तीस टक्क्यांवर बोट ठेवून म्हणाला, "बोअरमधून मोटार ओढायची तर दोन पाय लागतात. तीस टक्के ओढू का?"
हेच मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, हेच साक्षीत सांगू द्या. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राजकुमार निकाल हेच म्हणतो, अवयवाचे टक्के वेगळे, कमाईचे टक्के वेगळे. हात गेलेला कारकून आणि हात गेलेला सुतार एका तागडीत नाही.

२३ जून
घरात वाद. मॅडमना दहा हजार आधी हवेत, टायपिंग आणि डॉक्टरच्या साक्षीचा खर्च वेगळा. टक्केवारी घेत नाहीत. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे.
भावजय म्हणाली, तो आगाऊ काही मागत नव्हता. खरं आहे. नियम पाळणारा वकील रिकाम्या खिशाला परवडत नाही, नियम मोडणारा परवडतो. पंचवीस टक्के गेले तरी पंच्याहत्तर हाती येतात, असा हिशोब करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही.
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचाही रस्ता आहे. अपंगाला तिथे मोफत वकील मिळतो. पण तो कोण मिळेल ते आपल्या हाती नाही. धाकटा म्हणाला, त्या बाईच पाहिजेत, हमालाची केस चालवणाऱ्या.
मी दहा हजार दिले. गणपतीच्या फ्लेक्सच्या आगाऊ रकमेतून.

१ जुलै
ए-ए फॉर्म आणि पंचनाम्याची नक्कल मिळाली. ठाण्यात गडबड, आजपासून भारतीय न्याय संहिता लागू. आपला गुन्हा जानेवारीचा, जुन्या दंडविधानातच राहणार.

९ जुलै
बातमी. मद्रास हायकोर्टाने ३ जुलैला निकाल दिला. क्विकर, सुलेखा, जस्टडायलसारख्या संकेतस्थळांवरून वकील पुरवणं म्हणजे जाहिरातच, बार कौन्सिलने कारवाई करावी. वकिली हा व्यापार नाही, असं कोर्टाचं म्हणणं.
पटलं, अन् नाहीही. पाट्या उतरवल्या की पाटी नसलेला दलाल कमी होतो का? त्याचं दुकान वॉर्डात. तिथे कुठला फ्लेक्स लागतो? शिवाय गावाकडच्या माणसाला चांगला वकील कळायचा कसा? सगळ्यांना कोर्टात बाकावर बसायला सवड नसते.

१० जुलै
सकाळी सातनंतर पुन्हा धक्का. धाकटा कुबडी घेऊन सगळ्यांच्या आधी अंगणात.

१५ जुलै
अपंगत्वाचा दाखला. तीस टक्के.

२० जुलै
बिस्किटवाल्याचा फोन. सही दिली आहे, आता मागे फिरता येत नाही, म्हणाला. मी म्हटलं, वकिलाचं नाव आणि नोंदणी क्रमांक सांगा. फोन ठेवला.

२३ जुलै
दावा दाखल. ट्रॅक्टरमालक, चालक, विमा कंपनी. नंबर पडला. आता ई-कोर्ट्सवर धाकट्याचं नाव दिसतं. त्याने स्क्रीनशॉट काढून मेहुण्याला पाठवला.

२ सप्टेंबर
पोळा. रात्रभर पाऊस, रानात पाणीच पाणी. दुकानात ओल. गणपतीचे दोन रोल भिजले.

१९ सप्टेंबर
विमा कंपनीचं लेखी म्हणणं आलं. शेतीचा विमा, भाड्याची वाहतूक, ट्रॉलीचा विमा, मागून धडक, हेल्मेट. मॅडमनी जूनमध्ये सांगितलेला क्रम, फक्त इंग्रजीत. वर एक नवीन, 'अर्जदाराच्या उत्पन्नाचा कोणताही पुरावा नाही'.
विम्याच्या अटीचा भंग ठरला तरी अनेकदा कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायला सांगतं, असं मॅडम म्हणतात. शेवटी 'बघू' म्हणतात. हे 'बघू' मला आता आवडायला लागलं आहे.

२ ऑक्टोबर
उत्पन्नाचा पुरावा. धाकट्याकडे बिलबुक नाही. वही आहे, तेलकट. कुणाची किती एचपीची मोटार, किती तार गेली, किती बाकी. अर्धी पानं बाकीचीच.
मॅडमनी वही दोन वेळा चाळली. म्हणाल्या, यातले तीन शेतकरी साक्षीला आणा.

६ ऑक्टोबर
पिंगळीचे काका. सोयाबीन काढणीत. येतो म्हणाले. दैठण्याचा एक नाही म्हणाला, ट्रॅक्टरमालक त्याच्या पाहुण्यातला.

१३ ऑक्टोबर
तिसरा झरीचा. वहीत त्याच्याकडे चार हजार बाकी. म्हणतो, कोर्टात मी याला महिन्याला किती देत होतो हे सांगायचं, म्हणजे माझी बाकी उघडी पडायची. आधी माझी मोटार भरून द्या, मग येतो.
धाकटा म्हणाला, आणा इकडं. बसून करतो. तार मात्र त्याची.