अण्णांचे पाऊल

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने खुणावणाऱ्या माणसास स्वतःची चूक सहसा दिसत नाही. आम्हांस ती दिसली. पण तीन आठवडे उलटून गेल्यावर.

आमचे थोरले बंधू अण्णा इंदूरच्या रामबागेत राहतात. वय ७१, मधुमेह जुना आणि विडीची संगत त्याहून जुनी. गेल्या पौषात चपलेचा अंगठा घासून त्यांच्या उजव्या पायाच्या बोटास जखम झाली. हरभऱ्याएवढी, कडा कोरल्यासारख्या, तळ फिकट. रक्त जवळजवळ नाहीच, म्हणून आम्ही निश्चिंत झालो!

आमच्या मातोश्रींच्या घोट्यापाशी पूर्वी अशीच चिघळणारी जखम होती. ती फुगलेल्या नीलांची. डॉक्टरांनी आवळून क्रेपची पट्टी बांधावयास सांगितली होती आणि तिने गुण आला होता. तोच धडा आम्ही अण्णांच्या पायावर गिरविला. पाऊल गार लागे म्हणून वहिनी गरम पाण्याच्या पिशवीने शेकीत. रात्री अण्णा कळवळून उठत आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसत. "असा सोडला की जरा बरं वाटतं रे," ते म्हणत. आम्ही तो पाय उचलून पुन्हा उशीवर ठेवीत असू. पाय सांगत होता ते आमच्या एम. ए.च्या पदवीस कळले नाही.

बोट काळे पडले तेव्हा शल्यचिकित्सकांकडे धावलो. त्यांनी पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपली, लागली नाही. मग घोट्याच्या रक्तदाबास दंडाच्या रक्तदाबाने भागले. हे गणित निरोगी माणसात १च्या आसपास येते, ०.९च्या खाली गेले की रोहिणी अरुंद झाली असे समजतात, अण्णांचे ०.४५ आले. नीलेतले रक्त वर चढत नसेल तर पाय आवळावा. येथे रोहिणीतून रक्त खालीच उतरत नव्हते, आणि उरलीसुरली वाट आमच्या पट्टीने दाबली होती. डॉक्टर रागावले नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले.

फुग्याने रोहिणी रुंद केली. बोट गेले, पाऊल राहिले.

आता ड्रेसिंग आम्हीच करतो. रुग्णालयातील परिचारिकेने आमच्याकडून तीनदा हात धुवून घेतले, आम्ही मुलांकडून पाढे म्हणवून घेतो तसे. जखमेवर सलाइनची धार सोडावयाची. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, कारण नवे कोवळे मांस त्याने जळते. पाय भिजत ठेवावयाचा नाही. कापूस थेट लावला तर धागे चिकटतात, म्हणून आधी जाळीदार गॉज. नाजूक कातडीवर चिकटपट्टी लावावयाची नाही. वरची गुंडाळपट्टी इतकी सैल की खाली बोट सहज सरकावे. मग टाच आणि बोटांच्या बेचक्या उजेडात न्याहाळावयाच्या. लाली वर चढली, घाण वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी रिक्षा बोलवावयाची.

विडी सुटली, असे अण्णा म्हणतात. परवा उशी सारखी करताना काडेपेटी हाती लागली. आम्ही ती खिशात घातली आणि काही न बोलता पट्टी सोडावयास बसलो. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते.