मरळीच्या दारात रबरी बेडूक

मुलांनो, आज एका कोड्याने सुरुवात करू या. सांगा पाहू, मासा पाण्यात बुडून मरू शकतो का?

हसलात ना? आमच्या वर्गातही हशाच पिकला होता. मी लवळ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. लवळे हे पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातलं गाव. मुळशी धरणाकडून येणारी मुळा नदी आमच्या भागातून वाहत पुण्याकडे जाते आणि तिथे मुठेला भेटते. पावसाळ्यात ओढे, शेततळी, डबकी सगळी तुडुंब भरतात. त्यामुळे आमच्या मुलांना माशांबद्दल पुस्तकापेक्षा चार गोष्टी जास्तच ठाऊक असतात. "मासे श्वास कशाने घेतात?" असं मी विचारलं, तेव्हा सगळे एका सुरात "कल्ल्यांनी!" म्हणाले. चौथीतला एक मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, "बाई, मरळ वर येऊन हवा पिते. तिला वर येऊ दिलं नाही तर ती बुडून मरते. आमचे आजोबा सांगतात."

आजोबा सांगतात ते अगदी खरं आहे, बरं का! मरळीला कल्ले असतात, पण तेवढ्यावर तिचं भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, तिला एक जादा खोली असते. त्या खोलीच्या आतल्या घड्यांमधून भरपूर रक्त वाहतं. मरळ पाण्यावर येते, तोंडाने हवेचा घोट घेते आणि त्या खोलीत भरते. म्हणूनच जिथे इतर मासे गुदमरतात, अशा गढूळ डबक्यातही ती मजेत राहते. बाजारात टोपभर पाण्यात ती जिवंत दिसते, तेही याचमुळे. पण जाळ्यात अडकून खालीच राहिली, तर मात्र पाण्यातच तिचा जीव जातो. आहे की नाही गंमत?

मरळ दिसायला लांबट, गोल अंगाची आणि डोकं थेट सापासारखं. दात तीक्ष्ण. बेडूक, लहान मासे, किडे, जे समोर येईल ते गट्ट! आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा पापलेट आहे, पण शेजारच्या तेलंगणाने हा मान मरळीलाच दिला आहे.

आता पाण्यावर येणाऱ्या माशाला पकडायचं, तर आमिषही पाण्यावरच हवं. त्या मुलाच्या आजोबांची पद्धत जुनी. लांब बांबू, त्याला तंगूस, टोकाला गळ आणि गळाला बेडूक. गवताच्या कडेने तो बेडूक पाण्यावर टुपुक टुपुक नाचवत न्यायचा. ही युक्ती खूप जुनी आहे. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या तळ्यांमधल्या गळाच्या मासेमारीवर १८८७ साली एक पुस्तकच लिहिलं होतं.

हल्ली मात्र रविवारी पुण्याहून मोटारसायकलवर तरुण मंडळी येतात. हातात रीळ लावलेले रॉड आणि डबीत रंगीबेरंगी रबरी बेडूक! खरा बेडूक मारायला नको, ही त्यातली चांगली गोष्ट. एका दादाने आम्हाला तो बेडूक हातात धरून नीट दाखवला. तो आतून पोकळ असतो, म्हणून तरंगतो. दोन गळ त्याच्या पाठीला चिकटून, टोकं वर करून बसवलेले. त्यामुळे तो पाणगवतावरून, कमळाच्या पानांवरून सरकला तरी कुठे अडकत नाही. मरळीने जबडा मिटला, की मऊ बेडूक चेपतो आणि गळांची टोकं उघडी पडतात. दुसऱ्या एका आमिषाचं तोंड वाटीसारखं खोलगट होतं. दोरीला हिसका दिला की ते पाण्यावर "गुडूप" असा आवाज करतं.

ही आमिषं कुणी शोधली असतील? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जेम्स हेडन नावाचे गृहस्थ होते. ते मधमाश्या पाळत. एकदा तळ्याकाठी बसून ते लाकडाचा तुकडा तासत होते. तो त्यांनी पाण्यात भिरकावला, तर एका माशाने त्यावर झडप घातली, असं सांगतात. १८९८ च्या सुमारास त्यांनी लाकडाचे बेडूकही कोरले. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. तो होडीत बसून माशांच्या झुंडी निरखत असे. मोठा मासा झुंडीतला नेमका तोच मासा धरतो, जो जरा वेगळा, जखमी झाल्यासारखा डुलत पोहतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडापासून तसा डुलणारा मासा कोरला. त्यावर काय चढवलं माहीत आहे? चॉकलेटचा चंदेरी कागद! आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप! पाहिलंत, निरीक्षण करणाऱ्याला साहित्याची अडचण पडत नाही.

पण मासा असा फसतो तरी कसा? तुम्ही पाण्याखाली आहात आणि वर पाहता आहात, अशी कल्पना करा. वरचं जग तुम्हाला एका गोल खिडकीतून दिसेल आणि त्या खिडकीभोवतीचं पाणी आरशासारखं चमकेल. वर तरंगणाऱ्या वस्तूचा रंग नीट कळत नाही, उजळ आभाळावर नुसती काळी आकृती दिसते. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही कडांना एक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीकशी थरथरही तिथे जाणवते. काळी आकृती आणि टुपुक टुपुक थरथर, एवढं जमलं की मरळीच्या लेखी तो बेडूकच!

आता खरी गोष्ट सांगते. तिच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसले.

पावसाळा सुरू झाला की मरळीची जोडी गवतात जागा साफ करून अंडी घालते. त्या अंड्यांत तेल असतं, म्हणून ती तरंगतात. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आमच्याकडे सापडणाऱ्या मरळीची पिल्लं तांबूस-लाल. शेकडो पिल्लांचा एकच पुंजका होतो. थोडी मोठी झाली की हवा प्यायला ती सगळी मिळून वर येतात. तेव्हा पाण्यावर उकळी फुटल्यासारखं दिसतं. आणि त्या लाल ढगाच्या बरोबर खाली आई-बाप उभे! साप येवो, बेडूक येवो, कुणालाही ते पिल्लांजवळ फिरकू देत नाहीत.

गेल्या श्रावणात आमच्या मुलांना ओढ्याच्या एका डोहात असा पुंजका दिसला. मग काय, शाळा सुटली की काठावर हजेरी! मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जायचं आणि लांबून पाहायचं, असं आमचं ठरलं होतं. पुंजका आज कुठे होता, किती वेळाने वर आला, हे मुलं वहीत टिपत होती. अकरा दिवसांच्या नोंदी झाल्या.

बाराव्या दिवशी रविवार होता. रॉडवाला एक तरुण आला. त्याने तो लाल पुंजका पाहिला आणि रबरी बेडूक नेमका त्याच्या मधोमध टाकला. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला आणि हातभर लांबीची मरळ काठावर आली.

मुलं धावली. माझा चौथीतला विद्यार्थी पुढे होऊन म्हणाला, "दादा, ती भुकेने नाही आली. तिच्या पिल्लांवर बेडूक आला म्हणून ती आली."

तरुण वाईट नव्हता. तो म्हणाला, "अरे, मी मासा खात नाही. फोटो काढतो आणि सोडून देतो." आणि खरंच, त्याने गळ काढला, तिला मोजलं, फोटो काढला आणि पाण्यात सोडलं. पण त्या काही मिनिटांत डोहात काय झालं, ते मुलांनी पाहिलं होतं. लाल ढगाच्या कडेला चिलापी मासे जमले होते आणि पाणी खळबळत होतं. सोमवारच्या नोंदीत एका मुलीने लिहिलं, "पुंजका सापडला. आधी सुपाएवढा होता, आता ताटलीएवढा आहे."

आजोबांना हे कळलं तेव्हा ते फार काही बोलले नाहीत. त्यांनी जन्मभर मरळी धरल्या, खाल्ल्या, विकल्या. पण ते म्हणाले, "लाल दिसलं की गळ गुंडाळायचा. भुकेला मासा फसला तर तो डाव झाला. आईला फसवण्यात कसला डाव?"

मुलांनो, हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं आहे. मासे धरणं वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी मासे विकूनच वह्या-पुस्तकं येतात. पाण्यावर आमिष नाचवून, धीर धरून, मासा ओळखून त्याला गाठणं ही तर विद्याच आहे. पण विद्या म्हटली की तिला नियम आला. आपल्याकडे समुद्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात, ती माशांची वीण वाढावी म्हणूनच. गावच्या ओढ्याकाठी मात्र पहारेकरी नसतो. तिथला नियम ज्याचा त्यानेच पाळायचा.

आणि हे पाणी काही साधंसुधं नाही, बरं का! कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घेतली. 'खुद्री' हे त्यातलंच एक. तो महाशीर मासा त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला होता. म्हणजे आपल्या नदीकाठच्या माणसांचे शब्द जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले आहेत. ती नावं नुसती ग्रंथात राहायची, की मासेही नदीत राहायचे, एवढाच प्रश्न आहे.

पालकांनाही दोन शब्द. मुलांना पाण्यापासून तोडू नका, पण एकटं पाठवू नका. पावसाळ्यात दगडखाणींत साठलेलं पाणी वरून शांत दिसतं, पण ते एकदम खोल असतं. तिकडे तर नकोच. गळ उघडा ठेवू नये आणि तुटलेली तंगूस काठावर टाकू नये. पक्ष्यांचे पाय तिच्यात अडकतात.

आणि दोस्तांनो, येत्या पावसाळ्यात कुठे पाण्यावर लाल उकळी फुटलेली दिसली, तर दगड मारू नका. चार पावलं मागे सरून गुपचूप उभे राहा. थोड्या वेळाने त्या ढगाखालून एक काळी सावली हळूच वर येईल, हवेचा एक घोट घेईल आणि पुन्हा खाली पहाऱ्यावर जाईल. वहीत तारीख घाला, वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.