कुणाचा रं तू?

नागपंचमीच्या सकाळी आत्याचा फोन आला. आवाज कापत होता. "आरं, आप्पाच्या नंबरवर दुसराच कोण तरी बोलतोय."

आप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. आत्याला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ती मातीला आली होती, तेरावं होईपर्यंत राहिली होती. पण आदल्या दिवशी भावाचा उपवास धरायचा, पंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडायच्या आणि सकाळी भावाशी चार शब्द बोलायचे, हा तिचा जन्माचा शिरस्ता. फोनमध्ये आप्पांचं नाव दिसलं, बोट गेलं. नंबर बंद असेल, पलीकडून ती नेहमीची बाई बोलेल, एवढीच तिची तयारी होती. उचलला एका पोरानं.

आमच्या भूममध्ये परक्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "कुणाचा रं तू?" असं विचारतात. बापाचं नाव सांगितलं की आज्याचं विचारतात, मग आजोळ कुठलं ते. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुठंतरी धागा लागतो आणि "मग आधी नाही का सांगायचं" म्हणत चहा मागवला जातो. बाणगंगेच्या काठचं हे तालुक्याचं गाव आता पुष्कळ वाढलं, पण एसटी स्टँडवर हा प्रश्न अजून कानावर येतो. लहानपणी मला त्याचा राग यायचा. मी मीच आहे, कुणाचा का असेना, असं वाटायचं. आता वाटतं, आपल्या भाषेनं उगीच नाही 'ओळख' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला. मी कोण, ही माझी ओळख. आणि तुझं-माझं जे काही आहे, तीही ओळखच. माणूस कोण आहे हे त्याला ओळखणाऱ्यांनीच सांगायचं असतं, हे त्या शब्दातच आहे.

पत्रंसुद्धा अशीच पोचायची. पिन कोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला, नेमका दुष्काळाच्या साली. आप्पा सांगायचे, खडी फोडायला लांब गेलेल्यांची कार्डं नाव, बाप आणि गाव एवढ्यावर घरी येत. जिल्ह्याचं नाव 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. आईच्या कागदांवर आज दोन्ही नावं आहेत. कार्ड आलं असतं तर दोन्हींवर आलं असतं.

आप्पांची खव्याची भट्टी. पाच लिटर म्हशीचं दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा हाती येतो, आणि तोवर उलथणं थांबवता येत नाही. थांबलं की खवा तळाला लागलाच. एका हातानं कढई हलती ठेवून दुसऱ्या हातानं ते फोन उचलत. त्यांच्या फोनमध्ये अकराशेच्या वर नंबर होते आणि आडनाव एकाचंही नव्हतं. 'म्हैस ईट'. 'कडबा पाथरूड'. 'लाकूड वालवड'. 'खवा हैदराबाद'. 'खवा पुणे जुने'. 'खवा पुणे नवे'. ज्याचं जे नातं, तेच त्याचं नाव. ती यादी मी आजही कधी कधी उघडून वाचतो. एवढी माणसं एका कढईभोवती उभी होती.

आषाढात ते गेले, रात्री दोन वाजता. सकाळी दहाची माती ठरली. निरोप धाडायचे होते. त्यांच्याच फोनवरून पाठवायला कुणाचा हात धजेना. त्यांच्या मरणाचा निरोप त्यांच्याच नावानं कसा जाणार? मी सगळे नंबर माझ्या फोनमध्ये घेतले आणि व्हॉट्सॲपवर याद्या करायला बसलो. एका यादीत 256 जण मावतात. एकाची आठ वेळा दुप्पट केली की हा आकडा येतो. यंत्राच्या हिशोबाला तो सोयीचा. अकराशे माणसांच्या पाच याद्या झाल्या. निरोप सोडला. आणि नावापुढं एकच खूण, दुसरी उमटेना. मग चुलतभावानं सांगितलं, यादीतून धाडलेला निरोप त्यालाच पोचतो ज्यानं तुझा नंबर आपल्याकडे जपून ठेवलाय. त्यांच्याकडे आप्पांचा नंबर होता. माझा नव्हता. तालुक्याबाहेर मी कुणाचाच नव्हतो. एकाला पाठवलेला निरोप पुढं ढकलायला गेलो, तर एका वेळी पाच.

पहाटेच्या त्या अंधारात मला त्या पाचाचा फार संताप आला. बाप अंगणात ठेवलेला आणि मी पाच-पाच नावांवर बोट टेकवतोय. शेवटी फोन ठेवला, आप्पांची वही काढली आणि दोघं भाऊ एकेकाला बोलून सांगत बसलो. हैदराबादच्या व्यापाऱ्याला चौथ्या दिवशी कळलं. तो फोनवर रडला.

पण ही पाचाची मर्यादा कुठून आली, हे मला माहीत आहे, आणि ते आठवलं की संताप टिकत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावानं पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप त्या दिवसांत फोनाफोनांतून फिरत होते. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढं धाडता येईल असं बंधन आलं, आणि 2019 च्या जानेवारीत ते जगभर लागू झालं. आमच्या दारात डवरी गोसावी आले की आई सुपातून ज्वारी घालायची आणि "औंदा उशीर केला" म्हणायची. राईनपाड्यात त्यांना तसं म्हणणारं कुणी नव्हतं. अनोळखी माणूस आणि वेगानं धावणारा निरोप एका ठिकाणी आले. त्या पाच जणांसाठी मला माझ्या पहाटेची अडचण सोसली पाहिजे. मी सोसतो.

जे सोसवत नाही ते वेगळंच आहे. आईचा अंगठा यंत्र घेत नाही. चाळीस वर्षं भट्टीच्या धगीपुढं बसून, उलथण्याचा दांडा धरून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या. अंगठा चालत नाही म्हटल्यावर सगळी भिस्त फोनवर येणाऱ्या ओटीपीवर. आणि तिच्या प्रत्येक कागदाला नंबर जोडलेला होता आप्पांचा. बँकेच्या खात्याला, गॅसला, आधारला. दोघांत फोन एकच, तो गड्याच्या खिशात, त्यामुळं बाईची ओळखही त्याच्याच खिशात. हे आमच्याच घरचं नाही. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणीही लागत होती. ज्यांचा नवरा आणि वडील दोघंही नाहीत अशा बायकांसाठी सरकारला नंतर वेगळी वाट काढावी लागली.

आप्पांच्या नंबरला रिचार्ज मारायचं आमच्या ध्यानातच आलं नाही. दुःखात कुणाच्या येतं? नियम असा की 90 दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर नंबर बंद करता येतो, आणि बंद झाल्यावर आणखी किमान 90 दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. 2023 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढं हाच प्रश्न आला होता. नंबर पुन्हा देण्याला न्यायालयानं हरकत घेतली नाही. आपली खासगी माहिती राखण्याची काळजी आधीच्या ग्राहकानं घ्यावी, असं म्हटलं. जिवंत माणसापुरतं ते बरोबरही असेल. गेलेल्या माणसानं काय करायचं? मला वाटतं, नंबर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी घरच्यांना एकदा विचारण्याची सोय असायला हवी. तोवर आपणच हे ध्यानात ठेवायचं: दहावं, तेरावं करतो तसं त्या नंबरचंही एक काम मागं उरलेलं असतं. आधी त्यावर टांगलेलं सगळं सोडवून घ्यावं, मगच तो सोडावा.

आत्याचा फोन ठेवला आणि मी आप्पांचा नंबर लावला. स्क्रीनवर नाव 'आप्पा'च आलं. व्हॉट्सॲपच्या फोटोत मात्र एक तरुण, कडेवर लहान मूल घेतलेला. मी माझं नाव सांगितलं. त्यावर त्यानं विचारलं, "तुमी आप्पांचे कोन?"

मुलगा, मी म्हणालो. बोलायला मला थोडा वेळ लागला.

मूळचा नांदेडकडचा, चाकणला कंपनीत कामाला. चैत्रात नवं सिमकार्ड घेतलं तेव्हापासून हा नंबर त्याचा. "लई फोन येतेत. खवा हाय का, भाव काय. पयल्यांदा मला कळंना आप्पा कोन. मग इटच्या एका बाबांनी सांगितलं, त्ये गेले म्हनून. तवापासून मीच सांगतो सगळ्यांना." बँकेचे निरोप येतात, ते तो न वाचता पुसून टाकतो, असंही त्यानं आपणहून सांगितलं. मी त्याला माझा नंबर दिला. त्यानं विचारलं, कोणत्या नावानं ठेवू? मी म्हणालो, 'आप्पांचा मुलगा' लिही.

त्याच आठवड्यात आईच्या नावावर सिमकार्ड घेतलं. तिच्या नावाचं पहिलंच.

दिवाळीच्या तोंडावर चाकणहून फोन आला. सोलापूरचं एक जुनं गिऱ्हाईक, वर्षातून एकदाच मागवणारं. आदल्या दिवाळीला नंबर लागलाच नव्हता, म्हणून गप्प बसलेलं. आता वीस किलो खवा हवा होता. मी त्या पोराला म्हटलं, मेसेज केला असतास तरी चाललं असतं. तो म्हणाला, "आप्पांच्या गिऱ्हाईकाचा निरोप हाय, बोलूनच सांगावा वाटला."

वीस किलो खवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेला.