खाल्ल्या घरचे वासे

१० जून
कॉलेज सुरू व्हायला अवकाश आहे, पण पेशीविज्ञानाचा पेपर यंदा पुन्हा माझ्याकडे आला म्हणून जुनी टिपणं काढली. गॉल्गी संकुलाचं तेच चित्र: पापडांची चवड, कडेला फुगून सुटू पाहणारे थेंब. कामिल्लो गॉल्गीने १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशी चांदीच्या क्षाराने काळ्या केल्या तेव्हा ही जाळी दिसली. पुढची पन्नासेक वर्षं अनेक जण म्हणत राहिले की असं काही नसतंच, हा रंगाचा डाग आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आल्यावर वाद मिटला.

चित्र सोपं, शिकवणं अवघड. आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिन तयार होतं, पटलाच्या पुटिकेत बसून गॉल्गीकडे जातं, तिथून पुढे. हे मुलांना पाठ असतं. पण कुठल्या पुटिकेने कुठे जायचं, हे ठरतं कसं? हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही आणि खरं सांगायचं तर मीही बरीच वर्षं विचारला नव्हता.

१२ जून
वर्ध्याला बहिणीकडे पुस्तक पाठवलं. पाकिटावर ४४२००१ लिहिताना तासाला द्यायचं उदाहरण सापडलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. डाकखात्यातला अधिकारी आणि संस्कृतचा कवी, एकाच माणसात. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये गुंटर ब्लोबेल म्हणत होता की प्रथिनाच्या अंगावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो. त्याला १९९९ मध्ये नोबेल मिळालं.

पत्ता असला तरी दार उघडावं लागतं. पुटिकेवरची आणि मुक्कामाच्या पटलावरची प्रथिनं एकमेकांत दोरीसारखी पिळली जातात, दोन्ही पटलं जवळ ओढली जातात आणि मिसळतात. रँडी शेकमनने यीस्टमध्ये ही वाहतूक ठिकठिकाणी बिघडवून तिची जनुकं शोधली. जेम्स रॉथमनने तीच वाहतूक परीक्षानळीत चालवून दाखवली. दोघांना २०१३चं नोबेल, थोमास झ्यूडोफसह.

१९ जून
सिकलसेल दिन. विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नागपुरातून शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. भाषणं झाली, चहा झाला. मग कुरखेड्याकडची एक विद्यार्थिनी थांबली.

“मॅडम, माझा एएस पॅटर्न आहे. आजी म्हणते, म्हणूनच तुले हिवताप धरत नाही. खरं आहे का हे?”

“धरत नाही असं नाही. जिवावर बेतायची शक्यता बरीच कमी होते.”

“पण काहून?”

एएस म्हणजे एक जनुक साधं, एक सिकलचं. उद्या सांगते म्हणाले. पुस्तकी उत्तर येत होतं, पण तिच्या ‘काहून’ला ते पुरलं नसतं.

२० जून
सकाळपासून हेच. प्रौढ तांबडी पेशी म्हणजे सामान हलवलेलं घर. घडताना ती केंद्रक टाकते, मग तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी, सगळंच. उरतं मुख्यतः हिमोग्लोबिन, सत्तावीस कोटींच्या आसपास रेणू. माल ठासून भरलेला, पण हलवायला हमाल नाही की ठेला नाही.

फॅल्सिपेरम हिवतापाचा परजीवी नेमका या घरात शिरतो. त्याला आपलं एक चिकट प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगावर न्यायचं असतं. त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते. नाहीतर वाहत प्लीहेत जाईल आणि तिथे गाळली जाईल. पण न्यायचं कसं? मग तो सगळी यंत्रणा स्वतःच उभारतो. त्याच्या निर्यातीच्या बऱ्याच प्रथिनांवर पाच अमिनो आम्लांची एक खूण असते (आपला पिन सहा आकडी!). दोन गटांनी ती २००४ मध्ये ओळखली, त्यातला एक कस्तुरी हलदार यांचा. पेशीच्या आत तो चपट्या पिशव्या मांडतो, त्यांना मॉररच्या फटी म्हणतात. तिथून पृष्ठभागापर्यंत रस्ता हवा, तर पेशीच्या सांगाड्यातलं ॲक्टिन काढून त्याचे लांब धागे ओढतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले. हा वासे उपसून त्यांची सडक करतो.

आता आजीचं म्हणणं. हायडेलबर्गच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की एस किंवा सी प्रकारचं हिमोग्लोबिन असलेल्या पेशींत ही सडक नीट होत नाही. धागे तोकडे राहतात, फटी विस्कटतात. असं हिमोग्लोबिन लवकर बिघडतं आणि ॲक्टिनची जुळणी अडवतं, असा त्यांचा अंदाज. चिकट प्रथिन बाहेर कमी पोचतं, पेशीची पकड सुटते. हे एकच कारण नव्हे. परजीवी शिरलेली एएस पेशी विळ्यासारखी वाकून लवकर गाळली जाते, हेही जुनं स्पष्टीकरण आहेच. पण मला सडकेचं आवडलं. इतक्या वर्षांत हिवताप, सिकल आणि गॉल्गी मी तीन वेगळ्या तासांना शिकवले.

२१ जून
तिला सांगितलं. वाशांवर हसली.

२७ जून
आज स्टाफरूमच्या दाराशी. “मॅडम, घरचे पोरगा पाहून राहिले. त्याचा रिपोर्ट मागू का?”

“मागच.”

समजा तोही एएस निघाला, म्हणत कागदावर चार घरं काढली, वर एएस, बाजूला एएस. तीन मी भरली. चौथ्यात एसएस तिनेच लिहिलं.

“हे आजीले दाखवलं तं म्हणन, बरं आहे, याले तं हिवताप शिवणारच नाही.”

“नाही गं. एसएसवाल्याला हिवताप उलट जास्त भारी पडतो. रक्त आधीच कमी असतं.”

थोडा वेळ चौकोनाकडे पाहत राहिली. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.