हंगामाचा खेळ : कुरखेड्याहून पत्रे

वडसा, २२ नोव्हेंबर

प्रिय दादा,


क्यू तोच, टेबल तेच, हातही बिघडलेला नाही, तरी क्लबची पायरी चढावीशी वाटत नाही. खेळाची ही गोडी जाते कुठे आणि परत आणायची कशी, हा तुझा प्रश्न घेऊनच निघालो. यावर लोक देतात ती उत्तरं तुला पाठ असतील: मन घट्ट कर, कंटाळा आला तरी रोज तासभर खेळ, नवा क्यू घे. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की गोडी ही माणसाच्या आतली चीज आहे आणि ती आटली म्हणजे माणसातच काही उणं आलं. मला ते पटत नाही. गोडी जितकी खेळणाऱ्याच्या मनात असते, तितकीच खेळाच्या मांडणीत असते: तो केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो, सोबत कोण असतं, आणि आज काय खेळायचं हे कोण ठरवतं. पूल आणि स्नूकर बाराही महिने एकाच दिव्याखाली, एकाच हिरव्या कापडावर चालतात. त्यांना ऊन नाही, पाऊस नाही, सुगी नाही. ज्या खेळाला हंगाम नाही त्यावरून मन उडणारच, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीसारखा मुलूख नाही.

वडशाचंच बघ. सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. झाडीपट्टी रंगभूमीचं हे ठाणं. दिवाळी झाली की इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावोगावचे लोक येऊन प्रयोग ठरवून जातात आणि होळीच्या आसपासपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. गावाची मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि नाटक, हे सगळं धान कापून झाल्यावर. पावसाळ्यात चिखलात रोवणी चालू असताना इथे कोणी नाटकाचं नाव काढत नाही, आणि नाटकावरचं प्रेम आटलं म्हणून कोणी काळजीही करत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि महाराष्ट्रात २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा परवानगी मिळाली. बैलांच्या हालांचा प्रश्न खराच आहे आणि तो मी बाजूला सारत नाही. पण साडेसात वर्षांच्या खंडानंतरही पटाभोवती माणसं जमली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. खंड पडला की गोडी मरते, ही समजूत या एका उदाहरणानेही ढिली होते.

आणखी एक धागा वडशाच्या रेल्वेमार्गाला जोडलेला आहे. वडशाहून गाडी उत्तरेला गोंदियाला जाते आणि गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूर. स्नूकरचा जन्म त्या जबलपूरचा, १८७५ सालचा. पावसाळ्यामुळे मेसमध्ये अडकून पडलेले लष्करी अधिकारी रोजचा ब्लॅक पूल खेळत होते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटने त्यात आणखी रंगीत चेंडू घालायची कल्पना काढली, आणि पुढे १८८४ मध्ये उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लागले. ही हकीकत सहसा गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतं. त्या लोकांचं रोजच्या पूलवरून मन उडालं असेल, तर त्यांनी मन घट्ट करून तोच पूल खेळत राहायचं ठरवलं नाही. त्यांनी खेळ बदलला. ज्या खेळापायी तू आज हैराण आहेस, त्याचा सख्खा भाऊ कंटाळ्यातूनच जन्मलेला आहे.

तुझा,
धाकटा

*

कुरखेडा, २४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सती नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. सध्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धान कापून पडलेला आहे. कापलेल्या धानाच्या ओळींना इथे कडपा म्हणतात. कडपा वाळल्या की भारे बांधायचे, त्यांचे पुंजणे रचायचे आणि मग सवडीने मळणी. पण वाकून बांधीत नीट पाहिलं तर धानाच्या कापलेल्या बुडख्यांमध्ये बोटभर उंचीची पोपटी रोपं दिसतात. ती लाखोळी. धान उभा असतानाच, बांधीतली ओल हटण्याआधी तिचं बी फेकलेलं असतं. नांगर नाही, वेगळं पाणी नाही. पावसाळाभर ज्या जमिनीने धान दिला, ती आता मोकळी पडलेली नाही आणि धानही देत नाही. ती डाळीचं पीक घेते आहे, आणि त्या पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मातीत आणतात. पुढच्या धानाला ते उपयोगी पडतं. विश्रांती म्हणजे काही न करणं, असा आपला शहरी हिशेब असतो. इथली विश्रांती म्हणजे पिकाची पालट.

याच तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या रंगमंचावर ५,००० हून जास्त प्रयोग आणि ८०० च्या घरात भूमिका, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. एकाच कलेत इतकी वर्षं माणूस कसा टिकतो? प्रतिभा आणि निष्ठा तर आहेच. पण या दोन आकड्यांतलं नातं बघ. भूमिका ८०० आणि प्रयोग ५,००० म्हणजे सरासरीने एका भूमिकेला सहा-सात प्रयोग. तेच पात्र हजारदा उभं करायची पाळी नाही, आणि पावसाळ्यात पडदा उचलायचा नाही. झाडीपट्टीत हंगाम आणि पालट या दोन्ही गोष्टी रिवाजानेच मिळतात. नटाला त्या मनाच्या जोरावर कमवाव्या लागत नाहीत.

आता तुझा क्लब याच्या शेजारी ठेवून बघ. टेबल तासाच्या दराने मिळतं, घड्याळ चालू असतं आणि बहुतेक ठिकाणी रिवाज असा की हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. रिवाज साधा आहे, पण त्याने खेळाचा पोत बदलतो. अवघड कट मारून पाहावा, बँक लावून पाहावी, चेंडू पॉकेटमध्ये नाही गेला तरी पांढरा कुठे थांबतो ते शिकावं, ही मुभा संपते. कारण चुकलेल्या प्रत्येक शॉटला किंमत लागलेली असते. माणूस सोपा चेंडू मारायला शिकतो आणि सोप्याचाच त्याला कंटाळा येतो. अमेरिकेत एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवायचं कोडं दिलं होतं. ज्यांना सोडवण्याचे पैसे मिळाले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्याकडे आधीपेक्षा कमी वळले. ज्यांना पैसे कधी मिळालेच नव्हते, त्यांचं तसं झालं नाही. ठोकळे तेच आणि माणसं तशीच. बदललं ते खेळामागचं कारण. ते प्रयोगखोलीतलं कोडं होतं, क्लब नव्हता, हे मान्य. तरी हरण्याजिंकण्याला रोज पैसे चिकटले की खेळण्याचं मूळ कारण झिजतं, हे ओळखायला यापेक्षा मोठ्या प्रयोगाची गरज आहे असं मला वाटत नाही.

खेळातलाच पुरावा हवा असेल तर रॉनी ओसुलिव्हनचा घे. २०१२ मध्ये तो जगज्जेता झाला आणि पुढचा जवळजवळ सगळा मोसम खेळलाच नाही. त्या काळात त्याने काही दिवस डुकरांच्या फार्मवर काम केलं. २०१३ च्या एप्रिलमध्ये विजेतेपद राखायला तो परतला आणि मे महिन्यात अंतिम सामन्यात बॅरी हॉकिन्सला १८-१२ ने हरवून पुन्हा जिंकला. यावर तू म्हणशील, तो अलौकिक आहे, त्याचं उदाहरण आपल्याला काय कामाचं? बरोबर आहे, त्याच्या विजयाचं उदाहरण नाहीच कामाचं. मला त्यातली कामाची वाटते ती विश्रांतीची आखणी. तिला एक टोक होतं: एका मोसमाची, पुढच्या जागतिक स्पर्धेपाशी संपणारी. आणि रिकाम्या वेळात हात दुसऱ्या कामात गुंतलेले होते. याच्या उलट स्टीफन हेंड्री. सात वेळा जगज्जेता, १९९० ते १९९९ या दशकाचा राजा. २०१२ मध्ये तो निवृत्त झाला आणि आठ-नऊ वर्षांनी व्यावसायिक सामन्यांत परतला; जुनी पातळी काही हाती लागली नाही. वय होतंच, आणि दोघांची तुलना तंतोतंत होणारही नाही. पण टोक नसलेली सुट्टी आणि हंगामी सुट्टी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढं या जोडीवरून म्हणता येतं. बांधी एक हंगाम पालटली तर तिचा कस वाढतो. दहा वर्षं पडीक राहिली तर तिच्यावर झुडपं येतात आणि ती पुन्हा मोडून काढावी लागते.

तुझा,
धाकटा

*

कुरखेडा, २६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

मागच्या पत्रावर आपल्या घरातच कोण काय म्हणेल हे मला इथे बसून ऐकू येतंय. म्हणून आक्षेपांची उत्तरं आधीच लिहितो.

पहिला आक्षेप शिस्तीचा. मन लागो न लागो, रोज सराव करतो तोच पुढे जातो. यामागे मोठा अभ्यास आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवर निबंध लिहिला. नेटाचा सराव हा मुळात सुखाचा नसतो, तो सुधारणेसाठी केलेला कष्टाचा उद्योग असतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मी हे पूर्ण मान्य करतो. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की सगळ्यांत सरस विद्यार्थी जास्त झोपत होते, दुपारी वामकुक्षी घेत होते आणि सराव तुकड्यातुकड्यांनी करत होते. शिस्तीच्या बाजूने दिला जाणारा हाच दाखला विश्रांतीच्याही बाजूचा आहे. शिस्तीची माणसं तो अर्धाच वाचतात.

शिस्तीचं आपल्या पुण्यातलं उदाहरण विल्सन जोन्सचं. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेला, वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता. बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद त्याने १२ वेळा मिळवलं. कलकत्त्याला १९५८ मध्ये तो जगज्जेता झाला, आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा. त्याच्या शिस्तीबद्दल दुमत नाही. पण त्या काळचं कॅलेंडर कसं होतं ते पाहा. जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा १९५४ नंतर थेट १९५८ मध्ये झाली, मग १९६०, १९६२, १९६४. दोन मोठ्या कसोट्यांमध्ये कधी दोन वर्षं, कधी चार. तो त्या मधल्या काळात स्वस्थ बसला असं मी म्हणत नाही; पण सगळ्यांत मोठा सामना रोज दारात उभा नव्हता. आज मोबाइलवर रोज कुठली तरी फायनल चालू असते, आणि हौशी खेळाडूही दर शनिवारच्या निकालावरून स्वतःची किंमत ठरवतो. पंकज अडवाणी हा जन्माने पुण्याचाच. व्यावसायिक स्नूकरच्या दौऱ्यात २०१२ ते २०१४ पर्यंत राहून त्याने तो सोडला, आणि बिलियर्ड्स, स्नूकर असं दोन्ही खेळायच्या आपल्या वाटेवर परत आला. त्या वाटेवर त्याची जागतिक विजेतेपदं वाढतच गेली. पालटीचा यापेक्षा स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. शेतकऱ्याचा हंगाम म्हणजे काही हौस नव्हे. पाऊस आला की रोवणी करावीच लागते, उन्हाळ्यात मोहफूल वेचावं लागतं, तेंदूपानं गोळा करायला जावं लागतं, आणि घरचं भागत नसेल तर मजुरीसाठी दूर. त्या सक्तीवर शहरातल्या खेळाडूच्या कंटाळ्याचं तत्त्वज्ञान उभारणं न्यायाचं आहे का? हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. गरजेपोटी घडणाऱ्या गोष्टीला शहाणपण म्हणून गौरवायचं आणि गरज तशीच ठेवायची, हा अन्याय आपल्या लेखनात पुष्कळ झालेला आहे. माझं म्हणणं तेवढं मोठं नाहीच. नाटकाचा वेळ काय आणि शेताचा वेळ काय, हे गावाने मिळून ठरवलेलं असतं आणि ते सगळ्यांना सारखं लागू असतं. म्हणून नाटकापासून दूर राहिलेल्या महिन्यांत कोणालाही अपराधी वाटत नाही. तुला जाचतो आहे तो कंटाळा थोडा आणि त्या कंटाळ्याबद्दलचा अपराधीपणा जास्त, अशी माझी समजूत आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, सावधगिरी आहे. फक्त पूलवरून मन उडालं असेल तर वरचं सगळं लागू. पण जेवण, झोप, माणसं, काम या सगळ्यांवरूनच मन उडत असेल, तर तो खेळाचा प्रश्न राहत नाही आणि तो डॉक्टरांपुढे ठेवावा. ओसुलिव्हनने स्वतःच्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलेलं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. टनाहून जड बारा फुटी स्नूकरचं टेबल कुरखेड्यासारख्या गावांसाठी बनलेलंच नाही. आपल्याकडे गावोगाव जो खेळ पोचला तो कॅरम. ७४ सेंटिमीटरचा चौरस, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक लाल. वरून लोंबणारा दिवा, बोरिक पावडरची चिमूट, आणि सोंगटी कोपऱ्यात पडली की जाळीत होणारा तो मऊ आवाज. कोन तेच, पॉकेट तेच, परतीचा हिशेब तोच. फक्त हाताला क्यू नाही आणि घड्याळाला दर नाही. येत्या होळीपर्यंत तू हेच खेळावंस असं मला वाटतं. चौघांनी, घरात, गुण न लिहिता. क्लबची वर्गणी थांबव. क्यू पुसून केसमध्ये ठेव, ओलीपासून आणि उन्हापासून दूर, नाहीतर लाकूड वाकेल. होळीनंतरचा एक दिवस आत्ताच ठरव आणि ज्याच्याशी खेळायला मनापासून आवडायचं त्यालाच त्या दिवसासाठी सांगून ठेव. टेबलाचे पैसे निम्मे-निम्मे, कोणीही हरलं तरी. त्या दिवशीही हात क्यूकडे गेला नाही, तर पूल सोडून देण्यात काही वाईट नाही. जबलपूरच्या मेसमध्ये रोज खेळला जाणारा तो ब्लॅक पूल आज कितीजण खेळतात?

उद्या सकाळच्या एसटीने कोरचीला निघतो. आईला सांग, लाखोळीची डाळ इथल्या बाजारात मिळाली तर घेऊन येईन, पण ती थोडीच आणि अधूनमधूनच खायची असते. रोज पोटभर खाल्ली तर पायांतली ताकद जाते.

तुझा,
धाकटा