मोगरीची भेट

मुलांनो, पटाशीने लाकडात खाच पाडताना लोखंडी हातोडी वापरायची नसते, हे मला पटाशीची मूठ फुटल्यावर कळलं. लोखंडाच्या घावाने लाकडी मूठ चिरते. तिथे हवी मोगरी, म्हणजे लाकडाचाच हातोडा. आमच्या गावात सुतारकामाचा छंद असलेले आम्ही चौघंजण रविवारी जमतो. मोगरी एकाकडेही नव्हती. एक काका तर चक्क घरातल्या वरवंट्याने ठोकायचे! म्हटलं, दसऱ्याला हत्यारांची पूजा असते, तेव्हा तिघांनाही मोगरी भेट द्यायची.

वखारीतून बाभळीचे ठोकळे आणले. बाभूळ चिवट, घाव सोसणारी. बैलगाडीची चाकं उगीच तिची करत नसत. खरी गंमत दांड्याची. मोगरीच्या डोक्याला आरपार भोक पाडायचं, ते वर थोडं रुंद आणि खाली अरुंद. दांड्याचं वरचं टोकही तसंच रुंद ठेवायचं आणि दांडा वरून आत सोडायचा. मग मोगरी जितकी चालवाल, तितकं डोकं घट्ट बसत जातं. खिळा नको, पाचर नको, सरससुद्धा नको! शिवाय हात कोपरापासून गोल फिरतो ना, म्हणून डोकं वरच्या बाजूला लांब आणि खाली किंचित आखूड कापायचं. तरच घाव सपाट बसतो.

कापताना करवतीला ओला भुसा चिकटत होता. लाकूड वाळलेलं नाही, हे कळत होतं. पण दसरा आठ दिवसांवर आलेला! तिसऱ्या मोगरीच्या टोकाला केसाएवढी चीर दिसली. मी काय केलं सांगू? सरसात भुसा कालवून चीर बुजवली, काचकागद मारला, वरून जवसाचं तेल चोळलं. चीर दिसेनाशी झाली. ती मोगरी वरवंटावाल्या काकांच्या वाट्याला आली. आली कसली, मीच दिली. त्यांना काय कळणार, असं वाटलं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. मोगरी खिडकीत होती. चीर नाणं जाईल एवढी उघडलेली आणि भोवती तारेचे चार वेढे.

"बाई, माझाच घाव कुठंतरी वाकडा पडला बघा," काका ओशाळून म्हणाले. "तुम्ही एवढ्या कष्टानं केलेली."

तिळगूळ माझ्या हातातच राहिला. मग सगळं सांगून टाकलं. काका बराच वेळ तारेवरून बोट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझा वरवंटाच बरा होता म्हणा की!"

आता त्यांच्यासाठी नवा ठोकळा आणलाय. लाकूड टोकांकडून आधी वाळतं आणि तिथेच तडकतं, म्हणून दोन्ही टोकांना मेण फासलंय. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, असा वाळवण्याचा हिशोब. आमचा ठोकळा तीन इंची! त्यावर खडूने तारीख घातली आहे. काका दर रविवारी ती मोठ्याने वाचतात आणि वरवंटा उचलतात.