पाऊस ऐकायला शिकवणारी माणसं

अविनाश सोनवणे यांना मी कधी भेटलो नाही. तरी माझ्या पहिल्या लघुपटात सगळ्यात आधी आभार आहेत ते त्यांचे. नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाच्या ध्वनीचं काम त्यांनी केलं होतं. 65व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, नॉन-फीचर विभागात, दिग्दर्शनाचा पुरस्कार मंजुळेंना मिळाला आणि ध्वनीचा (ऑडिओग्राफीचा) सोनवणेंना. पहिलं नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. दुसरं मला आमच्या सरांनी वहीत लिहून घ्यायला लावलं.

सर किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवायचे. शाळा सुटल्यावर त्यांच्या लॅपटॉपवर आम्ही हा लघुपट लावला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “नुसतं बघायलास का ऐकायलास बी? डोळे मिट लेकरा, अन् सांग कुठं आहोत आपण.”

पैनगंगेकाठी वाढलेल्या पोराला पाऊस नवा नव्हता. पण डोळे मिटल्यावर कळलं, वाटेवरचा पाऊस वेगळा वाजतो आणि घरात गळणारा वेगळा. पहिल्यात माणूस भिजतो, दुसऱ्यात संसार. हा फरक कुणीही बोलून दाखवत नाही, तो फक्त कानावर पडतो.

मग सरांनी आवाज बंद करून तोच लघुपट पुन्हा दाखवला. “कोण काय बोललं ते लिहू नको. कुणाला काय पाहिजे अन् ते कशानं अडलं, तेवढं लिही.” लघुपटातल्या राजा नावाच्या पोराला निबंध लिहायचाय, विषय पाऊस. आणि पाऊसच त्याला लिहू देत नाही. बाप दारू पिऊन पडलाय, त्याला घरी आणायचंय, घर गळतंय. रात्र तशीच सरते, वही कोरी राहते. गोष्ट एवढीच. पण ज्या पावसावर वर्गात सुंदर वाक्यं लिहायची, तोच त्या पोराच्या अंगावर रात्रभर कोसळतो, आणि ही विसंगती मंजुळे आपल्याला एकदाही समजावून सांगत नाहीत. निबंधाची आठवण आपल्याच मनाला टोचत राहते. मला आजही वाटतं, लघुपटाची ताकद इथंच आहे. पंचवीसेक मिनिटांत एकच ओढ आणि एकच अडसर, पण तो अडसर त्या ओढीच्याच पोटातून निघालेला.

आमच्या रानात असं काय आहे, हे मी शोधत राहिलो. मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागतात, आणि दहावीची परीक्षाही मार्चमध्येच असते. फुलं पहाटे गळतात, ऊन तापायच्या आत वेचावी लागतात. त्यांच्यावर घराचा खर्च भागतो. माझ्या लघुपटातला पोरगा आजीला परीक्षेबद्दल काहीच बोलत नाही. फुलांच्या रसानं हात चिकट झालेत, म्हणून तो हॉल तिकीट फक्त दोन बोटांच्या टोकांनी धरतो. सरांनी ते दृश्य वाचलं आणि त्यापुढचा संवाद पेन्सिलीनं खोडून टाकला.

आजीच्या भूमिकेसाठी नट आणायचा विचार मी केलाच नाही. ‘पिस्तुल्या’ या लघुपटात मंजुळेंनी कॅमेरा माहीत नसलेल्या सूरज पवारला उभं केलं होतं, आणि दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याच ‘पिस्तुल्या’ला मिळाला होता. तो धीर मला पुरेसा होता. गावातलीच एक गोंड आजी तयार झाली.

अडलं ते आवाजापाशी. मोह वेचणारे झाडाखालचा पाला आधी जाळून किंवा झाडून जागा साफ करतात, म्हणजे फूल लगेच दिसतं. साफ मातीवर फूल पडलं की जवळजवळ ऐकूच येत नाही. मला ते वाळल्या पानावर पडताना हवं होतं, खरंखुरं, तिथंच, त्याच पहाटे. नंतर स्टुडिओत पानं चुरगाळून केलेलं नको होतं. पाला काढू नको, हे आजीला सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, “हे एक झाड राहू दे तसंच.”

बाकीच्या झाडांखाली तिनं पाला जाळला, ते एक सोडलं. अंधारात माईक लावून आम्ही श्वास रोखून बसलो. फुलं गळत होती, सुक्या पानावर एकेक टपटपत होती. आम्हाला पाहिजे ते मिळालं. मग उजाडल्यावर आजी त्या पाल्यात बसून एकेक फूल हुडकत राहिली. टोपली अर्धीही भरली नाही. पैसे तिनं घेतले नाहीत. उद्या पहाटे वेचायला या म्हणाली. हंगाम संपेपर्यंत आमची सगळी मंडळी, कॅमेरावाल्यासकट, रोज पहाटे तिच्याबरोबर फुलं वेचत होती.